जपानी गाणी: मनात घर करून राहिलेल्या गाण्यांचे अनुभव

जपानी शिकणाऱ्या, जपानमध्ये राहणाऱ्या आणि तिथून परतलेल्या सगळ्यांना आपल्या आवडत्या जपानी गाण्याबद्दल लिहायचं हे आमंत्रण. प्रेम, घरची माणसं, खचलेल्याला धीर देणं, यांबद्दल जपानी माणसं समोरासमोर फार कमी बोलतात असं मी इतकी वर्षं पाहत आले आहे. तेच लोक शाळेच्या समूहगानात किंवा कराओकेच्या छोट्याशा खोलीत ते सगळं मोकळेपणाने गातात. म्हणून नुसती यादी नको. गाणं कुठे ऐकलंत, कोणासोबत ऐकलंत, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, तेही लिहा.

सुरुवात मी करते. पुण्यात जपानी शिकवताना मी दर वर्षी क्यू साकामोतोचं 1961 सालचं 'उए ओ मुइते अरुको' ऐकवते. शब्द रोकुसुके एइ यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. अमेरिकेत ते 'सुकियाकी' अशा खाण्याच्या पदार्थाच्या नावाने गेलं आणि जून 1963 मध्ये, जपानी शब्दांसकट, बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ नये म्हणून वर बघत चालणारा एकटा माणूस, आणि चाल मात्र हलकीफुलकी. शेवटाकडे तर शीळ आहे. नवी मुलं ते आनंदाचं गाणं समजून ताल धरतात. शब्द कळायला लागले की ताल आपोआप थांबतो. 12 ऑगस्ट 1985 ला तोक्योहून ओसाकाला निघालेलं विमान डोंगरात कोसळलं आणि 520 माणसं गेली. त्यांत साकामोतो होता, अवघा 43 वर्षांचा. हे वाचल्यापासून ती शीळ मला सहज ऐकता येत नाही.

योकोहामा, माहेर सोलापूर

ताई, माझं गाणं मियुकी नाकाजिमाचं 'इतो', म्हणजे धागा. 1992 च्या अल्बममधलं, पण घराघरात पोचलं ते पुढे इतर गायकांनी गायल्यावर. आता लग्नात हमखास गातात. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नात मी ते पहिल्यांदा ऐकलं. दोघांपैकी एक उभा धागा, एक आडवा, एवढीच कल्पना.

आमच्या घरात माग होते. आई कांड्या भरायची, बाबा मागावर. ताणा-बाणा हे शब्द मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ऐकलेले. बाकीचे पाहुणे वधूवरांकडे बघत होते, मला आईची बोटं दिसत होती. या गाण्यातलं मला सर्वांत आवडलेलं सांगते: विणलेलं कापड त्या दोघांसाठी नाहीच. ते कधीतरी, कुठेतरी, कोणा तिसऱ्याला ऊब देईल, कोणाची जखम झाकेल. दोघांच्या प्रेमाच्या गाण्यात परक्या माणसासाठी इतकी जागा मी दुसरीकडे पाहिली नाही. आईला फोनवर अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "अगं, बरोबरच आहे की. आपण विणलेल्या चादरी आपण कुठं पांघरल्या?"

साइतामा

माझ्या मुलाचा जपानी शाळेतला निरोप समारंभ. मार्च महिना, शाळेची व्यायामशाळा, थंडगार लाकडी जमीन, आणि आम्ही पालक घडीच्या खुर्च्यांवर. मुलं 'ताबिदाची नो ही नी' गायली. जपानभरच्या शाळांत हेच गातात, त्यामुळे मला वाटायचं की सरकारने कुठल्या तरी मोठ्या कवीकडून लिहून घेतलं असेल. मग मुलाच्या शिक्षिकेने सांगितलं की ते आमच्याच साइतामातलं, चिचिबूच्या कागेमोरी माध्यमिक शाळेतलं. 1991 मध्ये तिथल्या संगीत शिक्षिका हिरोमी साकामोतो यांनी मुख्याध्यापक नोबोरू कोजिमा यांना मुलांसाठी शब्द लिहून मागितले. त्यांनी आधी नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी शब्दांचा कागद बाईंच्या टेबलावर होता. जाणाऱ्या मुलांना नकळत भेट म्हणून शिक्षकांनी मिळून एकदा गायचं, एवढाच बेत. मुख्याध्यापक त्याच वर्षी निवृत्त झाले. गाणं मात्र शाळेशाळेतून पुढे गेलं.

आमचा मुलगा त्या वयात घरी 'हो', 'नाही', 'जेवलो' यापलीकडे बोलत नसे. जपानीत नाही, मराठीतही नाही. गाण्याच्या दुसऱ्या भागात मुलांचे आणि मुलींचे आवाज वेगळे होतात आणि पुन्हा एकत्र येतात. तिथे तो तोंड पूर्ण उघडून, मान ताठ करून गात होता. मी आणि हे एकमेकांकडे बघू शकलो नाही. त्याला इतकं काही वाटतं हे आम्हाला त्या व्यायामशाळेत कळलं. आमच्या शेजारी बसलेले एक जपानी वडील, एरवी लिफ्टमध्ये नुसती मान लववणारे, रुमालात तोंड घालून रडत होते.

नागोया

झार्ड या गटाचं 'माकेनाइदे', 1993. हार मानू नकोस, इतकंच सांगणारं. ऑगस्टमध्ये टीव्हीवर चोवीस तासांचा मदतनिधीचा कार्यक्रम असतो. त्यात मॅरेथॉन धावणारा थकून शेवटच्या टप्प्यात येतो तेव्हा सगळे हे गातात. गायिका इझुमी साकाई टीव्हीवर फारशी दिसायचीच नाही. ती कर्करोगावर उपचार घेत असताना 2007 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. नोकरी सुटली होती तेव्हा मी रोज सकाळी हे लावून अर्ज भरायला बसायचो. अजून काही लिहिण्यासारखं नाही, पण हे गाणं यादीत नसणं मला सहन झालं नसतं.

कोल्हापूर

मी आजीच्या हाताखाली वाढलो, म्हणून काना उएमुराचं 2010 चं 'तोइरे नो कामिसामा', म्हणजे संडासातली देवी. जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं. आजी नातीला सांगते की संडासात एक सुंदर देवी राहते, तो रोज स्वच्छ घासलास तर तूही सुंदर होशील. नात मन लावून घासते. मोठी झाल्यावर आजीशी खटके उडतात, ती तोक्योला निघून जाते, आणि परतते तेव्हा आजी दवाखान्यात. भेट होते, आणि दुसऱ्या सकाळी आजी जाते. गायिकेची स्वतःचीच गोष्ट. नाव ऐकून आमच्या वर्गात मुलं हसली होती. गाणं संपलं तेव्हा दिवे लावायला कोणी उठेना. माझी आजी उंबरठा पुसल्याशिवाय चहा घेत नसे. तिच्याशी मी दहावीनंतर नीट बोललोच नाही, कारण मला शहर कळायला लागलं होतं. यापुढचं लिहवत नाही.

कोबे, गाव उमरगा तालुक्यातलं

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मी लहान होतो. चुलत्याचं घर गेलं, घरातली माणसं गेली.

नोकरीसाठी कोबेला आलो तेव्हा इथल्या भूकंपाची तारीख कळली: 17 जानेवारी 1995, पहाटे 5:46. इथे जुनी लाकडी घरं जड कौलांखाली बसली. एकूण 6434 माणसं गेली. दर वर्षी इथली मुलं 'शिआवासे हाकोबेरु यो नी' गातात. माकोतो उसुई नावाच्या प्राथमिक शाळेतल्या संगीत शिक्षकांनी ते भूकंपानंतर काही आठवड्यांतच लिहिलं. त्यांचं स्वतःचं घर पडलेलं होतं. गेलेल्यांच्या वाटचं आयुष्य आपण जपून जगू, असं त्यात आहे. गाणाऱ्या मुलांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता, तरी ती उगाच पाठ केल्यासारखं म्हणत नाहीत. गाण्यातलं कोबेचं नाव काढून तिथे 'आपलं गाव' असा शब्द घातलेलं रूपही आहे, आणि 2011 च्या त्सुनामीनंतर ते तोहोकूत, म्हणजे ईशान्य जपानमध्येही गायलं गेलं.

मी त्या जागी माझ्या गावाचं नाव घालून म्हणतो. आमच्याकडे पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत आम्हाला कविता शिकवल्या, पण त्या पहाटेबद्दल कोणी एक ओळ म्हणायला दिली नाही. कोणाला तेवढं बळ उरलं नव्हतं, हे आता कळतं. आमच्या भागातल्या एखाद्या गुरुजींनी असं गाणं अजूनही लिहावं असं मला फार वाटतं.

गुन्मा, वृद्धाश्रमात नोकरी

आमच्या इथल्या आजी-आजोबांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत. पण दुपारी कोणी पेटीवर 'फुरुसातो', म्हणजे आपलं गाव, सुरू केलं की तिन्ही कडवी न चुकता येतात. 1914 चं शाळेतलं गाणं. टेकडीवर सशामागे धावणं, ओढ्यात मासे धरणं, आईवडील कसे असतील ही काळजी, आणि ठरवलेलं काम पुरं करून एक दिवस परत जाणं. एक आजी मला रोज नवीन समजून नाव विचारतात. गाणं झालं की विचारतात, "तुझे आईवडील बरे आहेत ना?" मी त्यांना दोघांची तब्येत खरी खरी सांगते. घरी पैसे पाठवते तेव्हाही इतकं सविस्तर कोणी विचारत नाही.

पुन्हा पुण्याहून

सगळं वाचलं, काही दोनदा. उमरग्याच्या दादांनी लिहिलेल्या गाण्याचे शब्द मी येत्या तुकडीला शिकवणार आहे, आणि मराठीत म्हणता येईल असं रूप करायचा प्रयत्न मुलांसोबत करणार आहे. कोणाला चालीत शब्द बसवता येत असतील तर सांगा. एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, यांबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही. मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नी' ज्यांनी जपानी सासूसासऱ्यांसोबत बसून ऐकलंय, त्यांची वाट बघते.