५८ की ९१ मिमी? पेरू कापून बघा

खिशातल्या घडीच्या चाकूंबद्दल '५८ मिमीचा चाकू म्हणजे खेळणं' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. (५८ किंवा ९१ मिमी ही मिटलेल्या चाकूची लांबी, पात्याची नव्हे.) व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या ५८ मिमी क्लासिकचं पातं जेमतेम साडेतीन सेंमी. कुरियरची टेप, धागा, दुधाची पिशवी याला भरपूर. किल्ल्यांच्या जुडग्यात वजनही जाणवत नाही. पण बडोद्याच्या खंडेराव मार्केटातला सात सेंमीचा पेरू एका फटक्यात चिरत नाही, फिरवत कापावा लागतो आणि गर थेट खिळीत, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या सांध्यात, शिरतो. मग पातं चिकटतं. कोमट पाण्यात दहा-बारा वेळा उघडझाप करा, पूर्ण वाळवा, खिळीवर मेडिकलमधल्या लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब. बडोद्याच्या पावसाळ्यात तर हे हवंच. रोज फळं कापणाऱ्यांनी सरळ ९१ मिमी घ्यावा. मात्र लॉक दोन्हींना नाही. टोक खुपसून जोर दिलात तर पातं बोटांवर मिटतं.