मदत हवी आहे: मामांच्या नौकेवर ट्रान्सपॉन्डर बसवायचाय, पण नौकेची माहिती नक्की कुणाकुणाला दिसते?

सीवूड्सचा_भाचा

नमस्कार मंडळी. दर्यातलं आणि इलेक्ट्रॉनिक्समधलं दोन्ही कळणारं कुणी इथे असेल तर मदत करा.

माझे मामा दिवाळे कोळीवाड्यातले. नौका साधारण पंचेचाळीस फुटी, डोलीची जाळी (समुद्रात एका जागी बांधून ठेवायची, पिशवीसारखी), आणि धंदा करंजाच्या बाहेर. सध्या पावसाळी मासेमारीबंदी असल्यामुळे नौका वर ओढलेली आहे. ३१ जुलैला बंदी उठायच्या आत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौकेची जागा आपोआप कळवणारं यंत्र, बसवून घ्या, असं मच्छीमार सोसायटीत सांगितलंय. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतला आहे, पैसे पडत नाहीत. तरी मामा अडून बसलेत. "आपली जागा गव्हर्मेंटला कशाला दावाची?" हे तोंडावरचं कारण. खरी धास्ती वेगळी आहे. बाजूच्या नौकेवाल्याला मोबाईलवर आपली डोल कुठे आहे ते दिसलं तर काय, ही.

त्यांची समजूत काढायला म्हणून जहाजं दाखवणारं एक संकेतस्थळ उघडलं. न्हावा-शेवाच्या समोर रंगीत बाणांची नुसती गर्दी. बोट लावावं त्या जहाजाचं नाव, वेग, दिशा, पुढचं बंदर, सगळं समोर. मामा म्हणाले, "बघ, मी काय बोलतंय!" आणि उठून गेले.

जहाजांवरचं ते यंत्र आणि हा ट्रान्सपॉन्डर एकच का? सरकार हे सगळं गोळा करून त्याचं करतं काय? आणि मामीचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तो बसवला तर रात्री कंटेनरच्या जहाजाला आपली नौका दिसेल का?

ब्रिजवरचा_ठाणेकर

बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत काढून आता घोडबंदर रोडला स्थायिक झालोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन्ही यंत्रं वेगळी आहेत. तुम्ही संकेतस्थळावर पाहिलंत ते एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप सांगणारी यंत्रणा. हे व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर चालतं, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर. जहाज चालू असताना दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा हवेत सोडतं, नांगरावर असताना दर ३ मिनिटांनी. सोबत त्या जहाजाच्या ओळखीचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर असतो, भारतीय असेल तर सुरुवात ४१९ ने. यात गुप्त काही नाही, कुणाशी खासगी बोलणंही नाही. भर बाजारात हाळी दिल्यासारखं आहे, ज्याला कान आहे त्याने ऐकावं. हौशी लोक गच्चीवर अँटेना लावून ऐकतात आणि संकेतस्थळांना पुरवतात, तेच तुम्हाला दिसलं. मुळात हे धडक टाळायला आणलं. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनांवरच्या सगळ्या जहाजांना २००४ अखेरपर्यंत ते सक्तीचं झालं.

तुमच्या मामांना जो मिळतोय तो बहुतेक इस्रोचा, उपग्रहावर चालणारा. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळी, पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. एक लाख नौका, ३६४ कोटींचा खर्च. त्याचा संदेश सरळ जीसॅट-६ उपग्रहाकडे आणि तिथून सरकारी केंद्रात जातो. शेजारच्या नौकेला तो ऐकू येत नाही, त्या संकेतस्थळावरही उमटत नाही. थोडक्यात, बाजूवाल्याची काळजी मामांनी सोडावी.

पण मामीला वाईट बातमी आहे. शेजाऱ्याला ऐकू येत नाही म्हणजे कंटेनर जहाजालाही ऐकू येत नाही. उपग्रहाचा डबा बसवला म्हणून ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात त्या खोलीतल्या) पडद्यावर तुमची नौका येणार नाही. त्यासाठी एआयएसच लागेल, छोट्या नौकांसाठीचा क्लास-बी. त्यातला साधा प्रकार २ वॅटचा असतो, नौका चालत असताना दर ३० सेकंदांनी बोलतो.

खारफुटी

सरकारला जागा दाखवायची नाही हे म्हणणं इतकंही हास्यास्पद नाही हो. २००८ मध्ये 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवून अतिरेकी मुंबईत उतरले, त्यानंतर वीस मीटरवरच्या नौकांना एआयएस, किनाऱ्यावर तटरक्षक दलाची रडारं, दीपस्तंभांवर एआयएसची केंद्रं, खलाशांना ओळखपत्रं, असं एकेक येत गेलं. नाव सुरक्षिततेचं, आणि खरंच सुरक्षितता आहेच. पण त्याच माहितीवरून उद्या बंदीच्या काळात कोण बाहेर होतं, कुणी हद्द ओलांडली, हेही काढता येतं. महाराष्ट्राच्या १९८१ च्या मासेमारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन दंड वाढलेत. माहिती अधिकारात 'माझ्या नौकेचं तुम्ही काय साठवलंय' विचारलंत तर आठव्या कलमातलं सुरक्षेचं कारण पुढे करता येतं. अमेरिकेत तटरक्षक दलाने जमवलेली जुनी एआयएस माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. आपल्याकडे माहिती आत जाते, बाहेर येत नाही.

सीवूड्सचा_भाचा

@खारफुटी, मामांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, पर्ससीनवाल्यांना (मोठं जाळं गोल टाकून थवेच्या थवे उचलणाऱ्यांना) पकडणार असतील तर पहिला त्यांच्या बोटीवर लावा. स्वतःच्या नौकेबद्दल मात्र गप्प.

@ब्रिजवरचा_ठाणेकर, म्हणजे मामांना हवा तो लपलेला डबा फुकट, आणि मामीला हवा तो बोलणारा डबा आपल्या खर्चाने. दोन्ही लावले तर चालतील का? आणि मामा विचारतात, क्लास-बी फक्त चॅनेल (मोठ्या जहाजांचा ये-जा करायचा मार्ग) ओलांडताना चालू ठेवला आणि जाळ्यावर पोचल्यावर बंद केला तर?

ब्रिजवरचा_ठाणेकर

दोन्ही चालतील, एकमेकांच्या आड येत नाहीत. मामांची नौका वीस मीटरच्या आतली आहे, म्हणजे वीस मीटरवरच्यांची सक्ती त्यांना नाही. चालू-बंद करण्याचा विचार मी समजू शकतो. युरोपात १५ मीटरवरच्या मासेमारी नौकांना एआयएस सक्तीचं आहे, आणि नेमकी जागा फुटते हीच तक्रार तिथले मच्छीमारही करतात. पण डोल लावून नौका रात्रभर एका जागी उभी असते, धोका तेव्हाच जास्त. तेव्हा बंद ठेवायचा असेल तर मग विकत घेऊच नका. न्हावा-शेव्यात येणारं तीनशे मीटरचं जहाज इंजिन उलटं फिरवलं तरी किलोमीटरभरात थांबत नाही, त्याला तुम्ही लांबून कळायला हवेत.

ब्रिजवर बसलेला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. गर्दीच्या बंदरात पडदा इतका भरतो की काही जण क्लास-बीची चिन्हं गाळून टाकतात. योग्य नाही, पण होतं. तेव्हा एआयएस आहे म्हणून दिव्यांवरचा खर्च वाचवू नका. डोलीवाल्याने रात्री वर तांबडा आणि खाली पांढरा, चौफेर दिसणारा दिवा लावायचा. आणि चॅनेलमध्ये जाळं नको. अरुंद मार्गात मोठ्या जहाजाची वाट मासेमारी नौकेने अडवायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. धडक झाली तर पहिला प्रश्न तोच येतो.

ऑगस्ट २०१० आठवतो? 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली. दोन्ही मोठी जहाजं, एआयएस सक्तीचं असलेली, तरी धडकलीच. कंटेनर पाण्यात, तेल किनाऱ्यावर, आणि मासळी कुणी घेईना. यंत्र फक्त दाखवतं, वळायचं माणसानेच.

करंज्याची_पोर

आमच्याकडे बसवलाय उपग्रहवाला. तो मोबाईलला ब्लूटूथने जोडतात आणि 'नभमित्र' ॲपवरून चालतो. नेटवर्क गेल्यावरही संदेश जातो आणि येतो, हाच खरा फायदा. वादळाचा इशारा येतो, संकटाचं बटण आहे. बाबा आधी तुमच्या मामांसारखेच करत होते. मग एकदा बाहेर इंजिन बंद पडलं आणि संदेश गेला, त्यानंतर काही बोलले नाहीत. तरी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, किनाऱ्याजवळ मोबाईल लागतो तिथे तेच लवकर होतं.

सीवूड्सचा_भाचा

खूप आभार. उपग्रहवाल्याला मामांचा होकार आलाय, बटणाच्या गोष्टीवर. क्लास-बीचं मामी बघतेय, म्हणजे होणार.

एक शेवटचं: डोलकाठीवर आधीच व्हीएचएफची अँटेना आहे. एआयएसची तिथेच लावायची का?

ब्रिजवरचा_ठाणेकर

तिथेच, पण खेटून नको. एकमेकींपासून मीटरभर तरी लांब, जमल्यास वर-खाली. जितकी उंच तितकी लांबवर पोचेल. जीपीएसचा छोटा डबा मात्र खाली केबिनच्या टपावर, आभाळ मोकळं दिसेल तिथे. वायरच्या जोडांना चांगली टेप गुंडाळा, खारं पाणी आधी तिथेच शिरतं. आणि एमएमएसआय नंबर पहिल्यांदाच नीट तपासून भरा, क्लास-बीमध्ये एकदा टाकलेला नंबर पुष्कळदा विक्रेत्याकडूनच बदलून घ्यावा लागतो.