बुरशी कोणाच्या बाजूची?

‘मुळांवरची बुरशी असली की माळावर वनस्पतींची विविधता वाढतेच’ असं म्हटलं जातं, पण हे विधान सरसकट पटत नाही. अमेरिकेत कॅन्ससच्या कोन्झा प्रेअरीत (गवताळ माळावर) हार्टनेट आणि विल्सन या संशोधकांनी पाच वर्षं बेनोमिल हे बुरशीनाशक घालून मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडीने राहून झाडाला फॉस्फरस पुरवणारी हीच बुरशी, दाबून ठेवली (निकाल १९९९चे). तिथलं दांडगं गवत म्हणजे बिग ब्लूस्टेम, चांगलं पुरुषभर वाढतं, पण फॉस्फरससाठी बुरशीवर भलतंच अवलंबून. बुरशी कमी होताच ते खचलं आणि त्याच्याखाली दबलेल्या रानफुलांनी डोकं वर काढलं. विविधता चक्क वाढली! युरोपातल्या चुनखडीच्या कुरणांत नेमकं उलटं. तिथलं मुख्य गवत ब्रोमस बुरशीवाचून बऱ्यापैकी भागवतं; गरज असते ती बुटक्या फुलझाडांना. अर्थात बेनोमिल जमिनीतल्या इतर बुरशाही मारतं, तेवढी सूट कोन्झाच्या निकालांना द्यायला हवी.