वावरात सापडलेल्या चिपा: चर्ट की जास्पर?

मंडळी, मदत हवी आहे. वरोरा तालुक्यात वर्धा नदीकाठी आमचं वावर आहे. परवा वखरताना बोटाच्या पेराएवढ्या पाच-सहा धारदार दगडी चिपा निघाल्या. बाबा म्हणाले, "गारगोटी आहे, फेक धुऱ्यावर." दोन दुधी चिपा उन्हात धरल्या की कडेतून उजेड दिसतो, म्हणजे कॅल्सेडनी (गारेच्या जातीचा अर्धपारदर्शक दगड). ती वरच्या बेसाल्टातून नदीनंच आणली असावी. अडलंय ते तिसरीपाशी: काळपट तपकिरी, अपारदर्शक, मेणचट. काचेवर ओरखडा सगळ्याच पाडतात, त्यामुळे ती परीक्षा बाद. चर्ट आणि जास्पर, दोन्ही गारेच्याच जातीचे कठीण दगड, नुसत्या डोळ्यांनी वेगळे कसे ओळखता? आणि एका कडेला बारीक टवके सलग उडालेत. हे दगडी हत्यारं घडवणाऱ्या जुन्या काळच्या माणसाचं काम की आमच्या वखराच्या पाशीचं (लोखंडी पात्याचं)? बाकी वावर अजून तसंच ठेवलंय.