मदत हवी आहे: कंट्रोलर थरथरला की गेम अडखळतो
मंडळी, जुन्या लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या गेमिंग कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून प्लेस्टेशन 1 चे रेसिंग गेम खेळतोय. गाडी कठड्याला घासली की ब्लूटूथ कंट्रोलर थरथरतो आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं, आवाज कर्रकन तुटतो. व्हायब्रेशन बंद केलं किंवा यूएसबी केबल लावली की त्रास गायब, म्हणजे ग्राफिक्सचा दोष नसावा. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. थरथरीचा आदेश ब्लूटूथवरून जाईपर्यंत एम्युलेटर ताटकळतो की काय? ब्लूटूथही 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं म्हणून वायफाय 2.4 वरून 5 गिगाहर्ट्झवर नेलं, थोडा फरक पडला, इतकंच. ब्लूटूथचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बदलू की वेगळा ब्लूटूथ डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर) घेऊ? आणि ‘व्हायब्रेशन बंदच ठेव’ हा सल्ला कृपया नको, सगळी मजा त्यातच आहे!