भिंगरीतून सेंट्रिफ्यूज

स्वस्त वैद्यकीय उपकरणं म्हटल्यावर बहुतेक जण जुगाड करून बनवलेल्या व्हेंटिलेटरचंच उदाहरण देतात. मला मात्र भिंगरी आठवली! बटणाच्या भोकांतून दोरा ओवायचा, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ताणत-सैल करत गरगर फिरवायची, तीच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनू प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये त्याच तत्त्वावर कागदी सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवून त्यातले जड-हलके घटक वेगळे करणारं यंत्र) केलं, ‘पेपरफ्यूज’. खर्च साधारण २० सेंट, वजन २ ग्रॅम, वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, वेगळा, तोही विजेशिवाय. पुढे २०२० मध्ये करोनाच्या लाळचाचणीसाठी याच गटाचं ‘हँडीफ्यूज’ आलं, तेही हातानेच फिरवायचं. व्हेंटिलेटरचा जुगाड मला पटत नाही. दाब जरा चुकला की फुफ्फुसालाच इजा.