लेकरू कॅरिअरवर, आपण पायडलवर: आपापले अनुभव लिहा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरगा पुढच्या छोट्या सीटवर आणि त्याचा लाकडी नंदी कॅरिअरला सुतळीनं बांधून मी माहेरी निघाले होते. पारावरून एकानं हाक दिली, "नंदी बरा बसला वहिनी, तुम्हीच पडसान!" पडले नाही. चार किलोमीटर गेले, संध्याकाळी परतही आले.

आमच्या गावात आम्ही दहाबाराजणी संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर एकमेकींना सायकल शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, अर्ध्याजणींना लग्नाआधी येतच होती. कैची मारून शिकलेल्या, शाळेत जाणाऱ्या पोरी. लग्नात कपाट सोबत आलं, सायकल धाकट्या बहिणीकडे राहिली. मग पाचसात वर्षं पायडलला पाय नाही. तुमची पुन्हा कशी सुरू झाली? लेकरांना कसं नेता? पडल्याझडल्याचंही लिहा, आणि आपल्या बोलीतच लिहा.

(सेलू तालुका, वर्धा)

घाटंजी, यवतमाळ

माहीवाली सायकल माह्या पोरीची हाय. तिले आठवीत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून भेटली. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत घर असन तं सायकल, लांब असन तं पोरीइसाठी बस, असं त्याइचं गणित. ते सोमवार ते शनिवार शाळेत ने, रविवारी मी शिको. तिनंच मागून धरलं. "आई, चाकाकडे नको पाहू, समोर पाह्य!" मी 36 वर्साची आन ते 14 वर्साची माह्यावर खेकसे.

आता सुट्टीच्या दिवशी कापूस वेचाले सायकलनंच जातो. लहान पोट्टं मांगं, डब्बा हँडलले. पावसाळ्यात मातर नाव नाई घ्याचं. आपली काळी माती मडगार्डात अशी भरते का चाकच फिरत नाई. एकदा पांदणीत अर्ध्यात अडकली. पोट्टं कमरीवर घ्याव का सायकल खांद्यावर? दोन्ही काई जमे ना. मंग पोट्ट्याले धुऱ्यावर बसोलं, कुपाटीतली पऱ्हाटीची काडी मोडली आन गारा कोरत बसली. दहा पावलं गेली का पुन्हा जाम. पुन्हा कोरा. पोट्टं टाळ्या वाजवे, त्याले वाटे आई खेळते. आता मिरग लागला का मडगार्डच काढून ठेवतो. चिखल पाठीवर उडते. उडू दे.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया

वाचून जरा नवल वाटलं. आमच्या झाडीपट्टीत बाईनं सायकल चालवणं ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. माझी सासू चालवते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी बायकांची रांग निघते सायकलींची, साडी खोचलेली, डब्बे हँडलला.

पण लेकरांबद्दल सांगते. माझ्या मुलीचा पाय चाकात गेला होता. तेव्हा पाच वर्षांची. मागे बसल्या बसल्या डुलकी लागली, पाय सैल सुटला आणि तारांत गेला. मला कळलं ते सायकल एकदम जड झाल्यावर. ती ओरडायच्या आधी मी अजून एक पायडल जोरानं मारलं होतं. ते पायडल मला अजून आठवतं. टाचेची चामडी निघाली, हाड वाचलं, पंधरा दिवस ड्रेसिंग.

तेव्हापासून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी खताच्या पोत्याचा तुकडा ताणून बांधला आहे. वर कॅरिअरच्या सळईला, खाली मडगार्डच्या काडीला. ताठ पाहिजे, सैल राहिला तर तोच तारांत जातो. आणि वेल्डिंगवाल्याकडून खाली दोन सळया लावून घेतल्या, पाय टेकायला. पायाला टेकू असला की लेकरू हलत नाही, आपला तोलही जात नाही. डुलकी दिसली की मात्र उतरायचं आणि चालायचं, दुसरा उपाय नाही.

दर्यापूर, अमरावती

आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी जिभेवर धरवत नाही, प्यायचं पाणी लांबून आणायचं. 15 लिटरच्या दोन कॅन म्हणजे 30 किलो. त्यावर लेकरू बसवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि मला ते पटत नाही. पाणी आत हिंदकळतं, वळणावर हँडल आपलं ऐकत नाही. दोन फेऱ्या करा, पण वेगळ्या करा.

उन्हाळ्यात आणखी एक. 45 डिग्रीत लोखंडी कॅरिअर तव्यासारखं तापतं. पोराला उचलून बसवलं आणि त्यानं जी किंकाळी फोडली! आता जुन्या गोधडीची घडी कायम बांधलेली असते, निघताना वरून पाणी मारते.

ब्रह्मपुरी, चंद्रपूर

आमच्याकडे वाघ आहे. एकटीनं जायचं नाही, चौघी-पाचजणींनी बोलत, घंटी वाजवत जायचं, तेही चांगलं उजाडल्यावर. मोहफुलांच्या दिवसांत लेकरू घरी. बाकी तुमच्यासारखंच.

मेहकर, बुलडाणा

थोडं वेगळं बोलू का? सायकल म्हणजे मोकळीक वगैरे कुणी म्हटलं की मला हसू येतं. आमच्या घरी मोटारसायकल आहे, ती त्यांची. पेट्रोलही त्यांचंच. माझ्या वाट्याला उरली ती सायकल. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण फाटा गावापासून चार किलोमीटर. त्या चार किलोमीटरला अर्धं-पूर्ण काही नाही. मुलीला मागे घेते, फाट्यावर टपरीमागे सायकल लावते, मग बसनं दवाखान्यात. उलट्या वाऱ्याला तिला सांगते, मोठ्यानं पाढे म्हण. सतरापर्यंत आली आहे.

एवढं बोलले, पण आता सायकल काढून घेतली तर भांडेन मी.

सेलू, वर्धा

मेहकरच्या ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. पटांगणावर आमच्याकडेही हाच वाद होतो.

लेडीज सायकल की जेन्ट्स, असं दोघींनी निरोप पाठवून विचारलं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेनं बायकांना अक्षरांसोबत सायकलही शिकवली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरलं. शिकणाऱ्या इतक्या झाल्या की लेडीज सायकली पुरेनात. बायकांनी सरळ जेन्ट्स घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण दांडीवर लेकरू बसतं. मला मात्र साडीवर दांडी जमत नाही. एकदा उतरताना अडकले आणि थेट दुकानासमोर आडवी. ड्रेसवर असाल तर दांडीवाली घ्या. लेकरू पुढे, डोळ्यासमोर राहतं.

घाटंजी, यवतमाळ

गोंदियावाल्या बाई, ते पोतं युरियाचं पाह्यजे का कोणतंबी चालते? माह्या घरी सरकीच्या ढेपीचं हाय.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया

कोणतंही चालेल. पण ढेपीचं असेल तर आधी स्वच्छ धुऊन घ्या. नाही तर जिथे सायकल उभी कराल तिथे बकऱ्या चाटत बसतील.